दिल्लीतील पहिले वर्ष

बदलीचा हुकूम हाती पडल्यापासून दिल्लीच्या बिऱ्हाडात पहिला दिवा लागेपर्यंत महाराष्ट्रीय कुटुंबाला श्वास घेण्यास सवड नसते. सामानाची बांधाबांध, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसची नोंदणी, भाड्याच्या घराचा करारनामा किंवा सरकारी घरासाठी खेपा, यांत दोन महिने कसे निघून जातात ते कळत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ज्याची बदली झाली त्याला कचेरी असते. तेथील माणसे नवी असली तरी फायली ओळखीच्या असतात. मुलांना, बऱ्यावाईट कशाही का होईना, शाळा असते. घर लावीत मागे राहिलेल्या व्यक्तीला मात्र खिडकीतून दिसणारा रस्ता आणि त्यावरून जाणारी अनोळखी माणसे यांपलीकडे काहीच नसते. पूर्वी ही पाळी बहुधा पत्नीवर येई; आता कित्येक घरांत बदली पत्नीची होते आणि मागे राहतो तो पती, किंवा मुलाबरोबर आलेले वृद्ध आईवडील. अडचण तीच राहते.

अशा वेळी घरात एक वाक्य हटकून ऐकू येते: ‘दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे.’ या वाक्यापायी काही खोकी उघडलीच जात नाहीत, भिंतीला खिळा ठोकला जात नाही, शेजाऱ्यांची नावे विचारली जात नाहीत. पुढे बदली लांबते, मुदतवाढ मिळते, मुलांची दहावी-बारावी आड येते आणि दोन-तीन वर्षांची बारा वर्षे होतात. वडीलमंडळींच्या आयुष्यात बारा वर्षांचा हिशेब पुढेमागे जुळवता येतो. सहा वर्षांचे जे मूल पुण्याहून किंवा नागपूरहून आले, त्याचे सारे बालपण मात्र त्या न उघडलेल्या खोक्यांच्या सोबतीने सरते. त्याला पुण्याची गल्ली आठवत नाही आणि दिल्लीची गल्ली आपली वाटत नाही.

वास्तविक, नवागतांचे शहर म्हणावे असे दिल्लीइतके दुसरे शहर क्वचितच असेल. १२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा झाली, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले आणि त्याबरोबर देशाच्या सर्व प्रांतांतून कारकून, अधिकारी, शिक्षक, व्यापारी येथे येऊ लागले. फाळणीनंतर तर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी शहराचे रूपच पालटून टाकले. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती, ती १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजारांवर गेली. २०११ च्या गणनेत हाच आकडा १ कोटी ६८ लाखांच्या घरात होता. ज्याच्या नावावाचून दिल्लीचे वर्णन पुरे होत नाही तो मिर्झा गालिबदेखील जन्माने आग्र्याचा. म्हणून येथे ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न परकेपणा दाखविण्यासाठी विचारला जात नाही. विचारणाराही दोन-तीन पिढ्यांमागे कोठून तरी आलेलाच असतो. या मोकळेपणाला दुसरी बाजूही आहे. दिल्लीत दार उघडे असते, परंतु हाक मारून कोणी आत बोलावीत नाही. पहिले पाऊल येणाऱ्यानेच टाकावयाचे असते.

ते पाऊल बहुतेक कुटुंबे चुकीच्या दिशेने टाकतात. पहिल्याच महिन्यातल्या एखाद्या रविवारी मोटार ठरवून कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लाल किल्ला, राजघाट आणि इंडिया गेट असा सगळा फडशा पाडला जातो. संध्याकाळी मुले रडकुंडीस येतात, मोठ्यांचे पाय सुजतात, आणि ‘दिल्ली पाहून झाली’ अशी नोंद मनात होते. हे काम पाहुण्यांचे आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी गृहस्थाकडे वर्षभर इतके आप्तेष्ट येत असतात की कुतुबमिनार पाहण्याचा योग त्याला टाळू म्हटले तरी टळत नाही. येथे राहण्यासाठी जे आले आहेत त्यांनी शहराचा नकाशा सावकाश शिकला तरी चालते. अगोदर शहराचे वर्ष शिकावे. कोणत्या महिन्यात काय फुलते, काय पेटते, काय विकावयास येते, कोठे गर्दी जमते आणि त्या गर्दीत आपल्याला काय करता येते, एवढे एकदा अंगवळणी पडले की शहर आपोआप ओळखीचे होऊ लागते. दिल्लीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण मुंबई-पुण्याच्या मानाने येथील ऋतू फारच टोकाचे आहेत आणि येथील सार्वजनिक जीवन त्यांच्या आज्ञेत चालते.

मराठी कुटुंब बहुधा मे-जूनमध्ये, म्हणजे सर्वांत वाईट काळात, येथे येऊन पोहोचते. पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, दुपारी ‘लू’ वाहते, रस्ते ओस पडतात, शाळांना सुट्टी असते, आणि ज्यांना शक्य असते ते शेजारी डोंगरात किंवा आपल्या गावी गेलेले असतात. नव्या माणसाला वाटते की हे शहर असेच रिकामे आणि तापलेले असावे. या दिवसांत दिल्लीचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो हे ध्यानात घ्यावे. लोदी गार्डनमध्ये सैयद आणि लोदी सुलतानांच्या कबरींभोवती त्या वेळी फिरावयास येणाऱ्यांची दाटी असते. हे उद्यान १९३६ मध्ये ‘लेडी विलिंग्डन पार्क’ या नावाने खुले झाले आणि स्वातंत्र्यानंतर त्याला आजचे नाव मिळाले. महिनाभर नेमाने एकाच वेळी गेले की ओळखीचे चेहरे मान हलवू लागतात. दिल्लीतील कित्येक मैत्र्या अशा पहाटेच्या फेरीतूनच जुळलेल्या आहेत. मे महिन्यात रस्तोरस्ती अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळ्या घोसांनी लवून जातो. कोकण-घाटावर ज्याने बहावा पाहिला आहे त्याला तेवढाच एक ओळखीचा चेहरा. हातगाड्यांवर फालसे आणि लांब, वेलबुट्टीसारख्या वळणाच्या ककड्या दिसतात. जुलै लागला की नव्या दिल्लीच्या जुन्या रस्त्यांवर जांभळांचा सडा पडतो. या रस्त्यांवर कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, चिंच अशी झाडे नगररचनाकारांनी एकेका रस्त्याला एकेक जात ठरवून लावली. मुलांना रस्त्यांची नावे पाठ होण्याआधी त्यांवरची झाडे पाठ होतात, आणि ते बरेच आहे. रस्त्यांची नावे सरकार बदलते, झाडांची बदलत नाही.

पाऊस साधारणपणे जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतो. कोकणच्या पावसाची सवय असलेल्याला तो पाऊस म्हणावा की नाही असा प्रश्न पडतो, परंतु त्याच्यासोबत येणारा पतंगांचा काळ मात्र सोडू नये. महाराष्ट्रात आणि गुजरातेत पतंग संक्रांतीचे. दिल्लीत ते स्वातंत्र्यदिनाचे. ऑगस्टच्या आरंभापासून जुन्या दिल्लीतील लाल कुआँ भागात कागदी पतंगांच्या चळती लागतात, आणि १५ तारखेला लाल किल्ल्यावरचे भाषण आटोपले की सारे शहर गच्चीवर चढते. नव्या शाळेत ज्या मुलाला हिंदी नीट बोलता येत नाही म्हणून ते गप्प गप्प असते, त्याला गच्चीवर फिरकी धरावयास लावली की भाषेची अडचण उरत नाही. ‘वो काटा!’ ही आरोळी ठोकण्यास व्याकरण लागत नाही. पालकांनी एवढे मात्र पाहावे की साधा सुती दोराच वापरला जाईल. काचेचा, धातूचा किंवा नायलॉनचा मांजा दिल्लीत बंदी घातलेला आहे, आणि त्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात, दुचाकीवरील माणसांचे गळेही चिरले गेले आहेत.

त्यानंतर गणपती येतात आणि मराठी घराला प्रथमच हायसे वाटते. दिल्लीतील महाराष्ट्रीय वस्ती जुनी आहे. पहाडगंज भागातील नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन ही नावे येथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आलेली आहेत. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले, आणि त्यानंतर तब्बल एकाहत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा येथे तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. गणेशोत्सवात शहराच्या निरनिराळ्या भागांतील मराठी मंडळे नाटके, गाणी, मुलांच्या स्पर्धा, भोजने योजतात. आरती म्हणावयास चार आवाज मिळतात, मुलांना रंगमंचावर दोन मराठी वाक्ये बोलावयास मिळतात, आणि मोदकांसाठी तांदळाची पिठी कोठे चांगली मिळते, डॉक्टर कोणता, शिकवणी कोणाची, हे सारे एका संध्याकाळी कळते. याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. घरच्या मूर्तीचे विसर्जन मात्र यमुनेत करता येत नाही, तशी मनाई आहे. त्यासाठी केलेल्या कृत्रिम हौदांत किंवा घरीच बादलीत ते करावे लागते.

परंतु कित्येक कुटुंबांचे दिल्लीतील सारे आयुष्य या एका वर्तुळात संपते, आणि हे काही चांगले लक्षण नव्हे. अशा घरी वीस वर्षांनंतरही समोरच्या बिऱ्हाडातील सरदारजींचे पहिले नाव माहीत नसते. गणपतीचेच उदाहरण घेतले तर दीड दिवसांच्या मूर्तीपुढे शेजारच्या चार घरांना बोलावून मोदक दिले म्हणजे पुढच्या वर्षभराची अर्धी ओळख होऊन जाते. उत्तरेकडील माणसाला उकडीचा मोदक ही वस्तू मिठाईच्या दुकानात मिळत नाही. ती कशी करतात असे विचारीत शेजारीण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येते. मंडळाच्या स्नेहसंमेलनातून अशी पाहुणी मिळत नाही.

सप्टेंबर उलटला की हवा निवळते आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी रस्त्यांवर सातविणीच्या फुलांचा उग्र सुगंध पसरतो. कोणाला तो आवडतो, कोणाचे डोके उठते. पण दिल्लीत राहिलेला माणूस पुढे कोठेही गेला तरी त्या वासाने त्याला दसऱ्याची आठवण येते. हा काळ रामलीलेचा. मराठी माणसाचा दसरा म्हणजे पाटीपूजन, झेंडूची तोरणे आणि आपट्याची पाने. त्यात गर्दी नाही, गोंगाट नाही. येथे नवरात्राच्या दहा दिवसांत शहरातील लहानमोठ्या मैदानांवर रोज रात्री रामकथा उभी राहते. रामलीला मैदानाची आणि लाल किल्ल्यासमोरील मैदानांची लीला प्रसिद्ध आहे. नृत्यनाट्य म्हणून ती पाहावयाची असेल तर श्रीराम भारतीय कला केंद्र १९५७ पासून दर वर्षी आपला प्रयोग करीत आले आहे. तथापि लहान मुलांच्या कुटुंबाने पहिल्या वर्षी आपल्या वसाहतीच्या मैदानावरचीच लीला पाहावी. तेथे हनुमान झालेला तरुण कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम करणारा असतो, सीतेची भूमिका एखादा मुलगा करीत असतो, राजा दशरथ मधेच संवाद विसरतो आणि प्रेक्षकांतील आजीबाई त्याला तो सांगतात. मुलांना वानरसेनेत घेतात. एकदा मूल वानरसेनेत शिरले, शेपटी लावून चार दिवस नाचले, की त्याला त्या वसाहतीत परके म्हणण्याची कोणाची छाती होत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात पश्चिम दिल्लीतील तितारपूर येथे एक फेरी अवश्य मारावी. टागोर गार्डन मेट्रो स्थानकाजवळचे हे गाव रावणांचे गाव आहे. बांबूच्या कामट्यांचे सांगाडे, त्यांवर जुन्या साड्या आणि कागद, वर रंगीत मुखवटे. रस्त्याच्या कडेला दहा-दहा तोंडे रांगेने वाळत पडलेली असतात. रावण, मेघनाद आणि कुंभकर्ण असे तिघेही येथून निरनिराळ्या मैदानांवर रवाना होतात. हे काम करणाऱ्यांत हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. जळणारा रावण प्रत्येक जण पाहतो. घडणारा रावण पाहिलेले मूल त्याच्या हाताच्या कामट्या ओळखते आणि आग लागल्यावर थोडे हळहळतेही. घरी आल्यावर आपट्याचे पान हाती द्यावयाचे असेल तर ते मात्र गावाहून मागवून ठेवावे लागते.

याच दिवसांत बंगाली मंडळींच्या दुर्गापूजा असतात. काश्मीरी गेटची पूजा १९१० पासून चालत आलेली आहे, आणि पूर्व बंगालमधून आलेल्या विस्थापितांसाठी वसविलेल्या चित्तरंजन पार्कात तर घराघरांतून माणसे मंडपाकडे लोटतात. मेहरौलीची ‘फूलवालों की सैर’ ही बहुधा पावसाळ्यानंतरच असते. दुसरा अकबरशाह याचा मुलगा मिर्झा जहाँगीर याला इंग्रजांनी अलाहाबादेस धाडले, तेव्हा त्याच्या आईने केलेल्या नवसातून ही यात्रा १८१२ च्या सुमारास सुरू झाली असे सांगतात. ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर आणि योगमायेच्या मंदिरात फुलांचा पंखा, असे दोन्ही अर्पण होते आणि दोन्हींच्या मिरवणुकीत दोन्ही समाज चालतात. १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने ती बंद पाडली. १९६० च्या दशकाच्या आरंभी जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली. तिची तारीख पंचांगात नसते, म्हणून चौकशी करूनच निघावे.

दिवाळीविषयी एक नावडती गोष्ट सांगितली पाहिजे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून शेजारच्या राज्यांतील भाताच्या शेतांत जाळलेल्या काडाचा धूर, वाहनांचा आणि फटाक्यांचा धूर आणि थंड, स्थिर हवा यांच्या संगनमताने दिल्लीवर एक करडे झाकण बसते. कधी कधी शाळाही बंद ठेवाव्या लागतात. दमेकरी आजोबा किंवा तान्हे मूल घरात असेल तर या दिवसांत उघड्यावरच्या कार्यक्रमांचा हट्ट धरू नये. हवेच्या प्रतीचा आकडा रोज जाहीर होतो, तो पाहून बाहेर पडावे. मैदानी खेळ बंद झालेली मुले मग घरात कंटाळतात. त्यांना मातीचा किल्ला करावयास सांगावे. दिल्लीच्या मुलांना दिवाळीत किल्ला करतात हे माहीत नसते. गॅलरीच्या कोपऱ्यात का होईना, विटा-मातीचा रायगड उभा राहिला, त्यावर हळीव पेरले, मावळे ठेवले, की मजल्यावरची सगळी मुले तेथे गोळा होतात आणि महाराज कोणत्या वाटेने उतरणार यावर हिंदीतून वाद सुरू होतो. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी बिहार-पूर्वांचलातील स्त्रिया छठपूजेत मावळत्या आणि दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. वसाहतीच्या बागेतही त्यासाठी लहान तळी खोदतात. गुरुपरबाला बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर मोठा असतो. तेथे जेवावे हे तर खरेच, परंतु आधी तासभर पोळ्या लाटाव्यात किंवा भांडी घासावीत. कोणी नाव विचारीत नाही.

नोव्हेंबरात १४ ते २७ तारखांना प्रगती मैदानात व्यापार मेळा भरतो. १९८० पासून तो चालू आहे, त्यात प्रत्येक राज्याचे दालन असते, आणि महाराष्ट्राच्या दालनात पैठणी व कोल्हापुरी चपला पाहून गाव आठवलेल्या माणसांची गर्दी असते. पहिले काही दिवस व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात, तेवढे ध्यानात ठेवावे.

परंतु दिल्लीच्या हिवाळ्याचे खरे मर्म कोणत्याही मेळ्यात नाही. ते उन्हात आहे. डिसेंबर-जानेवारीत घरांच्या भिंती बर्फासारख्या होतात, मुंबईहून आणलेले स्वेटर निरुपयोगी ठरतात, आणि अकराच्या सुमारास धुके फाकून ऊन पडले की सगळी वसाहत बाहेर येते. गच्चीवर, अंगणात, बागेत चटया आणि खाटा पडतात. याला येथे ‘धूप सेकना’ म्हणतात.  कोणी मटार सोलते, कोणी लोकर विणते, कोणी संत्री सोलून फोडी वाटते, कोणी भुईमुगाच्या शेंगा फोडीत नुसतेच बसते. म्हाताऱ्या माणसांना येथे ऐकावयास माणसे मिळतात. लाहोरच्या, मुलतानच्या गोष्टी निघतात. ज्यांनी त्या स्वतः पाहिल्या त्या पिढीतील फार थोडी माणसे आता उरली आहेत, परंतु त्यांच्या मुलासुनांच्या तोंडी त्या आहेत. नव्या बिऱ्हाडातील व्यक्तीने या उन्हात आपली चटई नेऊन टाकावी, आणि सोबत निवडावयाची मेथीची जुडी न्यावी. दुपारपर्यंत मेथी निवडून होते आणि मोहल्ल्याचा इतिहास कळतो. जे सहा महिन्यांत जिन्यावरच्या ‘नमस्ते’ने साधले नाही ते एका आठवड्यात साधते. काही जुन्या दुमजली सरकारी वसाहती अलीकडे पाडल्या गेल्या आणि तेथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. अंगणे गेली, पण ऊन जेथे पडेल तेथे चटया अजून पडतात.

या उन्हाच्या ओळखीचे पहिले फळ १३ जानेवारीच्या रात्री मिळते. त्या दिवशी पंजाबी घरांतून लोहडी असते. रस्त्यावर किंवा बागेत मोठी शेकोटी पेटते, तिच्यात तीळ, लाह्या, रेवड्या टाकतात, भोवती गाणी आणि नाच होतो. ज्या घरी त्या वर्षी लग्न झाले किंवा मूल जन्माला आले त्या घराची लोहडी विशेष थाटाची. आणि दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेला बहुधा, आपली संक्रांत. एका रात्री शेजारच्या घरचे तीळ-गूळ गजक आणि रेवडी होऊन आपल्या हातावर पडतात. दुसऱ्या संध्याकाळी आपले तीळ-गूळ लाडू होऊन त्यांच्या हातावर जातात. गोड बोलण्याची आपली विनंती हिंदीत नीट उतरत नाही, पण अर्थ कळतो. हळदीकुंकवाला बोलावलेल्या शेजारणी वाण म्हणून मिळालेली वाटी फार कौतुकाने नेतात, आणि पुढच्या वर्षी ‘ते तुमचे वाटीचे कधी?’ असे आपण होऊन विचारतात.

२६ जानेवारीचे संचलन कर्तव्य पथावर असते. २०२२ पर्यंत हाच राजपथ होता. तिकिटे संरक्षण मंत्रालय काही दिवस आधी विकते. लहान मुलांना थंडीत पहाटेपासून बसविणे जमणार नसेल तर २९ तारखेच्या संध्याकाळी विजय चौकातील ‘बीटिंग रिट्रीट’ किंवा त्याची आधीची रंगीत तालीम अधिक सोयीची. सैन्याचे बँड, भिंतीवर उभे असलेले उंटस्वार आणि शेवटी एकदम उजळणाऱ्या इमारती, एवढ्यानेच मुले तृप्त होतात.

हिवाळ्यातील रविवार कसे घालवावेत याची चिंता दिल्लीत पडू नये. १९५९ मध्ये सुरू झालेल्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांतील वाघाइतकीच पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तळ्यांतील झाडांवर घरटी करणारे चित्रबलाक. हे कोणी आणून ठेवलेले नाहीत. पावसाळ्यानंतर स्वतः येतात, पिले वाढवितात आणि वसंतात निघून जातात. चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उघडलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयात देशोदेशींच्या बाहुल्या आहेत. बालभवन १९५६ चे. रविवारचा दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ पासून आसफ अली रस्त्यावरील महिला हाटात भरतो.

लाल किल्ला मुलांसह पाहावयाचा तो याच दिवसांत, आणि वाटाड्याच्या हवाली न होता. दिवाण-ए-खासचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने पैशाच्या चणचणीत उतरविले, हे मराठी मुलाला वरच्या छताकडे बोट दाखवून सांगावे. अभिमानाने की संकोचाने, ते ज्याचे त्याने ठरवावे. १७३७ मध्ये पहिला बाजीराव याच शहराच्या दाराशी येऊन गेला आणि तालकटोऱ्याच्या परिसरात लढाई झाली. १७७२ मध्ये शाहआलम बादशहा आपल्या राजधानीत परतला तो महादजी शिंदे यांच्या फौजेच्या संरक्षणाखाली. ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा इंग्रजांनी पराभव केला ती लढाई पटपडगंजची. आज त्या नावाच्या वस्तीत सहकारी गृहसंस्थांची दाटी आहे आणि त्यांत मराठी बिऱ्हाडेही आहेत. पुण्याहून आलेले मूल दिल्लीत अगदीच अनोळखी जागी आलेले नाही, एवढे त्याला यावरून कळते.

फेब्रुवारीत काटेसावर फुलते, निजामुद्दीनच्या दर्ग्यात पिवळी फुले घेऊन वसंत साजरा होतो, फरीदाबादजवळ सूरजकुंडचा हस्तकला मेळा भरतो, आणि राष्ट्रपती भवनातील उद्यान लोकांसाठी उघडते. मुघल गार्डन हे त्याचे जुने नाव. २०२३ पासून ते अमृत उद्यान आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या भारत रंग महोत्सवात मराठी नाटकही पाहावयास मिळते. गाण्याचा ज्यांना षोक आहे त्यांनी ऑगस्टमधील विष्णु दिगंबर जयंती समारोह आधीच नोंदवून ठेवावा. कुरुंदवाडच्या पलुसकरबुवांचे नाव दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाने अशा रीतीने जागते ठेवले आहे.

मार्चमध्ये होळी येते. आपल्याकडे जुन्या रीतीने रंगाचा दिवस पंचमीचा. दिल्लीत होळीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सारे उरकते. नव्या माणसाची चूक अशी होते की तो त्या दिवशी दार लावून बसतो. दाराशी येणारे बहुधा त्याच गच्चीवरचे, त्याच शेकोटीभोवतीचे लोक असतात. कपाळाला गुलाल लावून, गुजिया हातावर ठेवून पुढच्या दाराकडे जातात. परीक्षेचा अभ्यास असलेल्या मुलाला ते स्वतःच लवकर सोडतात. आपल्या पुरणपोळीचे ताट त्या वेळी तयार असले तर ती मंडळी थोडी अधिक थांबतात.

एप्रिलमध्ये शाळेचे नवे सत्र सुरू होते. गावी जावयाचे असेल तर गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, तेव्हा मे महिन्याची तिकिटे मार्चमध्येच काढून ठेवावी लागतात. गल्लीतून कूलरचे गवत बदलणारा हाळी देत जातो. त्याला किती पैसे द्यावेत हे गेल्या वर्षी कोणास विचारावे तेच कळले नव्हते; या वर्षी समोरच्या बाई वरच्या गॅलरीतूनच भाव ठरवून टाकतात.